दोरी बांधलेला दगड आणि बाबांचा उजवा हात

आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं लोकांचे हातपाय हलवून घेतेय. नजर लागणं, अंगात येणं... असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की मी सरळ चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा कसंतरी होतंय. पण माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, काय करू?

१९९४ साली बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. जीभ तर पहिल्यापासून ठणठणीत! उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मूठ वळलेली, ती उघडेचना. बाबा मूळचे इचलकरंजीचे, मागावर वाढलेले. इथेही सगळी नोकरी निटवेअर फॅक्टरीत. हात हीच त्यांची ऐट होती. आता डाव्या हाताने जेवायची वेळ आली म्हटल्यावर या माणसाने लोकांकडे जेवायला जाणंच बंद केलं. दिवाळीच्या गेट-टुगेदरलासुद्धा "पोट बरं नाही" म्हणून घरीच. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांची बोटं सोडवत बसायचे. काडीचा फरक नाही. शेवटी माझ्या सिनियरने सांगितलं, आता फार होप ठेवू नकोस. त्या दिवशी मी कार पार्कमध्ये बसून रडले.

माझा धाकटा भाऊ नितीन तेव्हा जपानला, कानाझावा शहरात, शाळेत इंग्लिश शिकवत होता. त्याने बोलावलं म्हणून ९६च्या ऑक्टोबरअखेरीला आई, बाबा आणि मी गेलो. तिसऱ्या दिवशी तो आम्हाला तिथल्या मोठ्या सार्वजनिक बागेत घेऊन गेला. अफाट बाग! तळी, दगडी दिवे, आणि म्हाताऱ्या पाइन वृक्षांच्या फांद्यांना खालून लाकडी टेकू दिलेले. दुपारचे दोन वाजले असतील, लख्ख ऊन होतं. नितीन चहाच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही तिघं रमतगमत पुढे निघालो.

एका बारीक पायवाटेच्या तोंडाशी आई थबकली. "अगंबाई! इथेसुद्धा आहे की!"

वाटेच्या मधोमध नारळाएवढा गोल दगड, काळ्या दोरीने आवळून बांधलेला. आईने चपला काढल्या, हात जोडले, पर्समधून खडीसाखर काढून दगडापुढे ठेवली. "दोरा बांधलाय म्हणजे जागृत स्थान असणार. अहो, या इकडे, प्रदक्षिणा घाला."

"आई, प्लीज! लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्या खिशातली साखर ठेवली का मी?"

बाबांनी कधी देवळाची पायरी चढली नव्हती, पण बायकोपुढे कोणाचं चाललंय? दगडाला वळसा घालायला म्हणून ते आत शिरले — आणि परत फिरायच्या ऐवजी सरळ चालतच सुटले. मी मागे धावले, आई माझ्या मागे.

वाट वळली तिथे एक पाइन होता. त्याच्या खोडाशी उंच बांबू उभा केलेला आणि त्याच्या टोकापासून छत्रीच्या काड्यांसारख्या दोऱ्या खाली फांद्यांना बांधलेल्या. बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून तिथे असं करतात, हे मी आदल्या दिवशीच पोस्टकार्डावर पाहिलं होतं. शिडीपाशी निळ्या जाकिटातला एक म्हातारा माळी उभा होता. त्याच्या हातातली दोरी मधोमध तुटली होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या मुठीकडे. दोरीचं एक टोक त्याने बाबांच्या डाव्या हातात दिलं आणि दुसरं त्या वळलेल्या मुठीवर ठेवलं.

मूठ उघडली.

खोटं नाही सांगत. अंगठा सुटला, मग एकेक बोट. आणि बाबांनी गाठ मारली — मागावर तुटलेला धागा सांधायची असते ना, तीच, झटक्यात!

"जमलं! अगं, जमलं!" बाबा एवढ्याने ओरडले की तळ्यावरचे पक्षी उडाले. आई रडत होती, हसत होती, दोन्ही. मी त्यांचा हात धरून वेड्यासारखी प्रत्येक बोट तपासत होते. मान वर केली तर माळी नव्हता. काहीतरी आणायला गेला असेल, असं वाटलं.

बाहेर आलो तर नितीन धावत आला. "ताई, तुम्ही आत कशाला गेलात? तसा बांधलेला दगड म्हणजे नो एंट्री असते!"

त्या माळ्याचे आभार मानायला म्हणून आम्ही बागेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या गृहस्थांचं बोलणं नितीन आम्हाला सांगत होता. "ते म्हणतात, दोऱ्या बांधायचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होणार. आज तिकडे कोणीच नाही." ते स्वतः आमच्याबरोबर आले. पाइन तोच. बांबू नाही, शिडी नाही, वरच्या दोऱ्याही नाहीत. फक्त खालच्या फांदीवर एक दोरी लोंबत होती आणि तिच्यात बाबांची गाठ. त्या गृहस्थांनी ती बराच वेळ चाचपली आणि म्हणाले, आमची माणसं अशी गाठ मारत नाहीत.

त्या संध्याकाळी हॉटेलात सगळे काड्यांनी जेवत होते आणि आमचे बाबा उजव्या हाताच्या पाच बोटांनी भात कालवून खात होते. ताठ मानेने! तीन वाट्या खाल्ल्या.

हात उशिरा सुधारू शकतो, पुस्तकात आहे तसं. ते मी मान्य करते. पण अर्ध्या तासात शिडी, बांबू आणि एवढ्या दोऱ्या कुठे गेल्या? आम्ही तिघांनी पाहिलेला माणूस कोण होता? मला आजही सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी लेस्टरला दिवाळीच्या गेट-टुगेदरमध्ये बाबा पहिल्या पंगतीला बसले. मी वाढत होते, आणि तिथेही माझं टुमणं चालूच — "पण बाबा, तो होता तरी कोण?"

"तुला कारण पाहिजे, मला हात पाहिजे होता," बाबा पुरी मोडत म्हणाले. "माझं काम झालं. तू बस शोधत. आणि ते श्रीखंड आण इकडे."