लिफ्टवाल्याचं विमान

लिफ्टच्या कंपनीत सगळे त्याला 'तळघर' म्हणत. "तळघर आलंय का रे कामावर?" असं साहेबसुद्धा विचारायचे, आणि तो डबा ठेवता ठेवता "आलंय, आलंय" म्हणून ओ द्यायचा. नाव पडलं ते कामावरून. लिफ्ट सगळ्यात खाली जिथे थांबते, त्याच्याही खाली एक खड्डा असतो. तिथे धक्का झेलणाऱ्या जाड स्प्रिंगा असतात, झिरपलेलं पाणी असतं, वरून फटीतून पडलेल्या किल्ल्या आणि लहान मुलांच्या चपला असतात. बाकीचे मेकॅनिक तिथे उतरायला कां-कूं करायचे. हा बिनतक्रार उतरायचा. अंगाने बुटका, हात लांब आणि बोलणं मोजकं, त्यामुळे खड्डा त्याला मानवला होता. डोक्यावर टांगलेली लिफ्ट आणि तोंडात धरलेली बॅटरी, अशी त्याची पुष्कळ वर्षं गेली.

अशा माणसाला विमान उडवायचा नाद लागावा याचं ओळखीच्यांना हसू यायचं. खरं तर नाद शोधायला तो गेला नव्हता. एका इमारतीत वरच्या मजल्यावरचं गेमिंग पार्लर बंद होत होतं. सामान खाली न्यायचं आणि नेमकी लिफ्ट अडकलेली. त्याने ती चालू करून दिली, तेव्हा मालकाने कोपऱ्यात उरलेला एक भलामोठा मॉनिटर त्याच्या हातात ठेवला. "न्या काका. माझ्या नजरेसमोरून जाऊ दे एकदाचा."

घरी कॉम्प्युटर होताच, मेहुणीचा जुना. ती जाहिराती एडिट करायची. नवं मशीन घेतल्यावर हे बहिणीकडे टाकून गेली होती. आतलं ग्राफिक्स कार्ड चांगलं दणकट होतं, आणि त्यात छोटं विमान उडवायचा एक जुनाट गेम तसाच राहून गेला होता. एका रविवारी त्याने तो सहज उघडला. त्यानंतर रोजचंच झालं. कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, की गडी विमानात. त्यात लढाई नव्हती की शर्यत नव्हती. धावपट्टीवरून उठायचं, डोंगर ओलांडायचे, एखाद्या तळ्यावर घिरटी घालायची आणि उतरायचं.

"दिवसभर खाली, संध्याकाळी वर," बायको म्हणायची. "मधे घरात कधी असता?"

ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. कोणी रडत बोललं, कोणी ओरडत बोललं, तरी तिचा आवाज एकसारखा यायचा. "थांबा, जोडून देते." घरीही ती तशीच. रागावली तरी आवाज चढायचा नाही, नुसतं वाक्य लहान व्हायचं.

एके दिवशी ती इस्पितळाच्याच ओल्या जिन्यावरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, आणि काही महिने पडून राहायचं ठरलं. तेही बहुतेक वेळ एकाच कुशीवर. आतली खोली अरुंद, तिथे पलंगाभोवती फिरायला जागा नाही, म्हणून पलंग बाहेरच्या खोलीत आला. खिडकीकडे पाठ आणि टेबलाकडे तोंड. टेबलावर तोच मॉनिटर.

ऑपरेशनच्या वेळी मेहुणी आली नाही. कुठल्याशा कंपनीची जाहिरात द्यायची होती, म्हणे, वेळ काढता येत नव्हता. तिने फोन केला, दोनदा केला. तिच्या ताईने तिसऱ्या वेळी उचललाच नाही. "तिला कळवायचं नाही काही," तिने नवऱ्याला सांगितलं. वाक्य अगदी लहान होतं, त्यामुळे त्याने पुढे विचारलं नाही.

तो सगळं करायचा. अंग पुसायचा, केस विंचरायचा, कूस बदलायला शेजारच्या काकूंना हाक मारायचा. आणि तिचं सगळं आवरलं की संध्याकाळी थोडा वेळ विमान. कॉम्प्युटरचा पंखा मात्र असा घोंगावायचा की खोलीत कोणी धान्य दळतंय असं वाटावं. "आवाजाचा त्रास होतो का गं?" तो विचारायचा. ती "नाही" म्हणायची.

काही दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. आडवं पडून उलटी म्हणजे जिवावरचं काम, टाके ताणले जायचे. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग आणखी बदलल्या. फरक पडेना. त्याला उशिराच कळलं की त्रास फक्त संध्याकाळी होतो, आणि तोही ज्या संध्याकाळी तो विमान उडवतो तेव्हाच. त्याने मॉनिटर चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. टेबलावर औषधं मांडली. उलट्या थांबल्या.

आपल्यामुळे तिला त्रास झाला हे त्याला लागलं, पण ते बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. तो संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. ती औषधांच्या बाटल्यांकडे बघायची, तो तिच्याकडे. असेच बरेच दिवस गेले.

एकदा तीच म्हणाली, "अहो, विमान का नाही उडवत?"

"तुला सोसत नाही ना."

"विमान सोसतं की. ते तुटतं, ते सोसत नाही."

"काय तुटतं?"

"तुम्ही वळता ना, तेव्हा सगळं चिरल्यासारखं होतं. अर्धा डोंगर इकडे, अर्धा तिकडे. मी आडवी, म्हणून मला ती रेघ उभी दिसते, खिडकीच्या पडद्याची कड हलावी तशी. ती सारखी सरकते. डोळे मिटले तरी सरकतेच."

त्याला हे कधी दिसलंच नव्हतं. त्याचं लक्ष उंचीच्या काट्यावर आणि वेगाच्या काट्यावर. बाहेरचा डोंगर आपला ओलांडण्यापुरता. मॉनिटर खाली काढून त्याने विमान वळवलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. खरंच, क्षितिज मधेच कापल्यासारखं होत होतं. वरचा तुकडा मागे राहायचा, खालचा पुढे जायचा.

लिफ्टवाल्याचा पहिला संशय केबलवर. त्याने केबल बदलली. मग कॉम्प्युटर उघडून आतली धूळ ब्रशने झाडली. मग गेममधली झाडं, सावल्या, ढग सगळं कमी करून पाहिलं. चित्र ओकंबोकं झालं, पंखा आणखी बोंबलू लागला आणि रेघ जास्तच दिसू लागली. आता मात्र त्याची मती गुंग झाली. काम हलकं केलं तर मशीन जास्त का तापावं? त्याच्या धंद्यात असं होत नसे.

त्याने जिन्यात जाऊन मेहुणीला फोन लावला.

"भाओजी? ताई बरी आहे ना?" तिचा आवाज घाबरलेला.

"बरी आहे. ते, कॉम्प्युटरचं जरा विचारायचं होतं."

मग ती हसली. "मला वाटलं, निदान शिव्या घालायला तरी केलात फोन. येते रविवारी."

रविवारी ती आली. बहिणीच्या पायाशी उभी राहून "कशी आहेस" म्हणाली. ताई म्हणाली, "आडवी." एवढ्यावर ते संपलं आणि मेहुणी सरळ टेबलाशी जाऊन बसली. सेटिंग उघडलं मात्र, तिने कपाळाला हात लावला.

"भाओजी, हा गेमिंगचा मॉनिटर आहे. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलू शकतो. तुम्ही त्याला साठवर चालवताय."

"मी काही केलं नाही. लावला तसा चालू आहे."

"तेच तर." मग तिने गेम सुरू करून कोपऱ्यात एक आकडा आणला. तीनशेच्या वर काहीतरी होता, सारखा हलत होता. "हे बघा. कॉम्प्युटर सेकंदाला तीनशे चित्रं काढतोय. स्क्रीन दाखवणार साठ. एक चित्र वरून खाली उमटून होत नाही तोच मधे दुसरं घुसतं. वरचा भाग जुना, खालचा नवा. सरळ जाताना कळत नाही. वळलात की क्षितिज तुटलंच."

"मग बाकीची चित्रं जातात कुठे?"

"कुठे जाणार? वाया. कपडे वाळत घालायची दोरी एवढीशी आणि तुम्ही बादल्यांवर बादल्या पिळून काढताय, असं झालंय हे. सावल्याबिवल्या काढल्यात म्हणजे पिळायचं काम सोपं झालं, मग आणखी बादल्या आल्या."

"आणि पंखा त्यापायीच बोंबलतोय?"

"नाहीतर काय."

आधी तिने मॉनिटर त्याच्या खऱ्या वेगावर आणला. मग त्याच्याच मेनूत शिरून, चित्र येईल तशी स्क्रीनने आपली गती जुळवून घ्यावी अशी सोय चालू केली. शेवटी गेमला मर्यादा घातली, की चित्रं स्क्रीनच्या आकड्याहून दोनचार कमीच काढायची, वर जायचं नाही.

"बरोब्बर तेवढीच का नाही?" त्याने विचारलं.

"थोडी मोकळीक हवी. काठोकाठ भरलं की मधूनच सांडतं."

तिने बटण दाबलं. पंख्याचा आवाज उतरत उतरत गेला आणि खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"बंद पडलं वाटतं?" ताईने पलंगावरून विचारलं.

"चालू आहे. आता बघ आणि सांग," मेहुणी म्हणाली. पण ताईला नेमकं काय दिसतं ते तिलाही बघायचं होतं. ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली आणि बहिणीसारखी मान आडवी केली. "भाओजी, वळवा." त्याने विमान डावीकडे झुकवलं. डोंगराची कड अख्खीच्या अख्खी फिरली, तळं फिरलं, ढग फिरले. दोघी बहिणी वाकड्या मानेने बघत राहिल्या.

"ज्यासाठी आली नाहीस ती जाहिरात झाली का?" ताईने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"झाली. गिऱ्हाइकाने नाकारली."

ताईला हसू आलं. हसल्यावर पाठीत कळ आली, कळ आल्यावर ती बहिणीला शिवी देऊन बसली, आणि मग दोघींना हसू आवरेना. तो विमान हवेतच सोडून उशी सरळ करायला धावला. विमान कुठल्याशा कड्यावर आपटलं.

पुढे मेहुणी अधूनमधून येऊ लागली. दोघींचं फार गोडीगुलाबीचं झालं असं नाही. औषधावरून, पलंगावरून, आईच्या जुन्या भांड्यांवरून त्या पूर्वीइतक्याच भांडायच्या, फक्त आता समोरासमोर. उलट्या पुन्हा झाल्या नाहीत. डॉक्टरांनी त्याचं श्रेय नव्या गोळ्यांना दिलं. कोणी त्यांना दुरुस्त करायला गेलं नाही.

संध्याकाळी विमान उडू लागलं, आणि आता त्याला एक ऑपरेटर मिळाली. "उतरायला परवानगी आहे का?" तो गमतीने विचारायचा. पलंगावरून तिचा तोच एकसारखा आवाज यायचा, "थांबा, जोडून देते." कधी ती त्याला तळ्यावरच फिरवत ठेवायची, कधी "धावपट्टीवर गाय आहे" म्हणून परत वर पाठवायची. तो निमूट जायचा.

पट्टा बांधून ती आधी बसू लागली, मग काठी घेऊन चालू लागली, मग अर्धा दिवस कामावर जाऊ लागली. पलंग आतल्या खोलीत गेला. टेबल तिथेच राहिलं. एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन, चहा घेऊन बाहेर आला तर खुर्चीवर ती. पाठीमागे उशी, काठी टेबलाला टेकवलेली, विमान धावपट्टीवर.

"ऊठ म्हणू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बसायला सांगितलंय."

त्याने दुसरी खुर्ची ओढली. तिचं उड्डाण वाकडंतिकडं होतं. नाक फार वर गेलं होतं, वेग पडत होता. त्याचे हात दोनदा पुढे गेले आणि परत मांडीवर आले. इतकी वर्षं लिफ्टखाली काढूनही त्याला असं कासावीस झालं नव्हतं.

"नाक खाली घे," तो न राहवून म्हणाला.

"काटे राहू देत, तुम्ही बाहेर बघा," ती म्हणाली, आणि तिने विमान वळवलं.