देवीला दोर लावत नाहीत

देवावर रागावू नये, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं! त्या दिवशी जीपगाडीत मी देवीच्या मूर्तीला दोन्ही पाय लावून बसले होते आणि तोंडानं तिला वाट्टेल ते बोलत होते. हे कीर्तनात सांगितलं तर मला बाहेर काढतील, म्हणून लिहून ठेवते.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. लढाई संपली होती आणि लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या होत्या. तसलीच एक गाडी सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात आली, ती आमच्यासाठी नव्हे. आमच्या पाथरवटानं घडवलेली देवी जळगाव जामोदच्या नव्या देवळात न्यायची होती. नेमक्या त्याच सकाळी माझ्या शेवंताच्या अंगावरून रक्त जायला लागलं. पहिलटकरीण पोर, बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. सुईणीनं हात टेकले. "माह्या हातचं नाही हे, दवाखान्यात ने," म्हणाली. बैलगाडीनं निघालो असतो तर वाटेतच सगळं आटोपलं असतं. मी जीपगाडीपुढे आडवी झाले.

मूर्ती न्यायला आलेले गुरवबाबा कसेबसे हो म्हणाले. लेकीला मागं निजवलं आणि पाहते तो काय, देवी पत्र्यावर तशीच उघडी आडवी. तांब्याचा हंडा मोकळा, नारळांचं पोतं मोकळं. कशालाच दोर नाही.

"बांधा न हो तिले," मी म्हटलं.

"देवीले दोर लावत नाही, बाई. दोर चोराले लावतात. पाप लागते."

"मंग तिले सध्या राहू द्या येथीच."

"मुहूर्त जाते न!"

मुहूर्त जातो म्हणे! माझ्या लेकीचा जीव जात होता, त्याला मुहूर्त नव्हता. पण भांडायला वेळ कुठं होता? मी शेवंताच्या आणि मूर्तीच्या मध्ये बसले.

वाट कसली, नुसते नाले आणि गोटे. पहिल्याच उतारावर हंडा उडाला आणि माझ्या नडगीवर बसला. दुसऱ्या उतारावर देवी सरकली ती थेट शेवंताच्या पोटाकडे. मी पाय रोवले. एवढा मोठा दगड, आणि माझे हे वाळके पाय! गाडी डावीकडे कलली की देवी माझ्यावर, उजवीकडे कलली की दाणकन पत्र्यावर. पुढे बसलेले गुरवबाबा म्हणतात, "नामस्मरण करा." मी म्हटलं, "मागं येऊन बसा, अन् तुमीच करा!" आणि मग देवीकडे वळले. "दगड आहेस, निव्वळ दगड! मायच्या देखत लेकीचा जीव घेतेस? लाज नाही वाटत तुले?"

एका कोरड्या नाल्यात गाडीनं उडी घेतली आणि माझा गुडघा वाकला. मूर्तीची बैठक शेवंताच्या कमरेवर आदळली. पोर अशी किंचाळली, की डायवरनं मी सांगायच्या आधीच गाडी थांबवली.

नाल्याच्या काठावर एक म्हातारा पिंजारी तट्टू घेऊन सावलीला बसला होता. तट्टावर दोन नव्या कोऱ्या गाद्या, कुणाच्या तरी लग्नघरी निघालेल्या. किंचाळी ऐकून तो धावत आला. आत एकदा डोकावला.

"बांधलं काऊन नाही हे?"

गुरवबाबांनी पुन्हा तेच पुराण लावलं. म्हाताऱ्यानं क्षणभर देवीकडे पाहिलं. "बरं, नका बांधू. मंग निजवा न तिले. निजवल्यानं त पाप लागत नाही?"

गुरवबाबा बाजूला सरकले. प्रतिष्ठेच्या आधी मूर्तीला गादीवर निजवायचा विधी त्यांचाच. म्हाताऱ्यानं डायवरला हाताशी घेऊन एक गादी देवीच्या खाली घातली आणि तीच वरून दुमडली. हंडा आणि नारळांचं पोतं बाजूच्या फटीत गच्च कोंबलं. "रिकामी जागा राह्यली का सामान नाचते, माय," म्हणाला. मग तट्टाचा दोर काढून गादीभोवती फिरवला, गाडीच्या कड्यांत ओवला आणि पाय टेकून ओढला. गुरवबाबा पुटपुटले तसा तो म्हणाला, "दोर गादीले आहे, बाबा. देवी झोपली." दुसरी गादी त्यानं शेवंताखाली सारली. लग्नाची गादी, आणि तिला रक्त लागत होतं. मी नाव विचारलं तर म्हणाला, "पोरीले पाहा पह्यले," आणि तट्टू हाती धरून नाला चढून गेला.

गाडी हलली. देवी हलली नाही. माझे पाय मोकळे झाले, हात मोकळे झाले, आणि तेव्हा कुठं मी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. गाडीत बसल्यापासून मी तिचा चेहराच पाहिला नव्हता. सगळा जोर देवीला अडवण्यात गेला होता. "माय, मी मरून राह्यली का वं?" तिनं विचारलं. मी तिला नुसती थोपटत राहिले.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर ओट्यावर गुरवबाबा म्हणाले, "देवी तारेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देवी? देवी त मारतच होती! तारलं त्या पिंजाऱ्यानं!" ते बिचारे उठून गेले. मी एकटी उरले. आता अडवायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं. बंद दाराकडे बघून मी देवीला म्हटलं, "राग माहा आहे, तो मी सांभाळीन. लेक तू सांभाळ." त्यानंतर मी काहीच मागितलं नाही.

उन्हं कलताना दार उघडलं. शेवंता जगली होती, आणि नात माझ्या हातात आली.

त्या पिंजाऱ्याला मी बाजारोबाजार शोधलं. तो सापडला नाही. त्याला कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझा राग काही अजून पुरता गेलेला नाही. देवळात गेले की देवीशी दोन शब्द भांडते, मग तिचे पाय धरते. शेजारच्या बाया म्हणतात, लेकीसाठी काही माग. मी मागत नाही. एकदा सोपवली ती सोपवली.