शालन आणि डोंगराखालचा राजा

तार मला औंधला मिळाली. यमाईच्या यात्रेसाठी मी माहेरी गेले होते. पोस्टमननं ती वडिलांच्या हातात दिली, त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि माझ्याकडे दिली, तेव्हाच कळलं. शालन गेली होती. मिळेल त्या एसटीनं उंब्रजला पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. माणसं नदीवरून परतली होती. अंगणात तिचे वडील, आबा, घोंगड्यावर बसले होते आणि आत भिंतीला टेकून तिची आई. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. मला बघून त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हिला निदान डोळ्यांनी बघितली गं." आनंदाला, शालनच्या धाकट्या भावाला, शेवटचं बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत तो पश्चिमेच्या आघाडीवर बेपत्ता झाला, तो आजतागायत.

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे होत आले. शालन आणि मी सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायचो, ती इंग्रजी आणि मी इतिहास. नोकरी धरली तेव्हापासून गावभागातल्या दोन खोल्यांत एकत्र राहिलो. ती उसाच्या शेतात वाढलेली, त्यामुळे आवाज मोठा. वर्गात बोलायला लागली की शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी खिडकी लावून घ्यायची. चालणं भरभर, पण मध्येच थांबायची आणि कुणाच्या तरी दुकानाची पाटी लक्ष देऊन वाचत राहायची. पाटीत काही नसे, दम लागलेला असे. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. डॉक्टरांनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनं ते मलाही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, पहिल्याच महिन्यात, भाजी चिरता चिरता. पुन्हा तो विषय तिनं स्वतःहून कधी काढला नाही.

तिच्या डोक्यात विषय एकच. मध्ययुगातल्या इंग्रजी आणि फ्रेंच कथांमधला एक राजा आणि त्याचे शूर सरदार, आणि त्या कथांच्या मुळाशी असलेली केल्ट लोकांची पुराणं. उंब्रजच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं सगळेच विचारायचे. सुचलं आबांमुळे. आबा पलटणीत हवालदार होते. महायुद्धात इटलीत गोळी लागली आणि लष्करी इस्पितळात शेजारच्या खाटेवर वेल्सचा एक जखमी शिपाई आला. मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत आणि हातवारे करून त्यानं आबांना आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली. आबा ती घरी अशी सांगायचे, जणू तो डोंगर कऱ्हाडच्या पलीकडेच आहे. "त्या डोंगराच्या पोटात राजा झोपलाय, शिपायांसकट. लोक म्हंत्यात मेला. पर मेला न्हाई त्यो. मुलखावर लय वाईट येळ आली की उठनार." शालन बी. ए.ला असताना सरांनी हीच गोष्ट दरबारी कवींची कल्पना म्हणून शिकवली. ही उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितलीय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिला ग्रंथालयात नेलं आणि दोन जाड पुस्तकं काढून दिली. तिथून पुढं ती त्यातून बाहेर आली नाही.

ती समजावून सांगायला लागली की मला अर्धं कळायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं. तिचं म्हणणं थोडक्यात असं. चिलखतं, घोडे, क्रॉस, पवित्र प्याल्याचा शोध हा सगळा वरचा रंग आहे. तो खरवडला की खाली जुनी भिंत लागते. ती ब्रिटन-आयर्लंडमध्ये इंग्रजांच्या आधीपासून राहणाऱ्या केल्ट लोकांची. सरदार ज्या प्याल्यासाठी रानोमाळ हिंडतात, तो त्याआधी एक कढई होता. कितीही वाढलं तरी न सरणारी कढई. अशाच दुसऱ्या एका कढईत मेलेला शिपाई टाकला तर उठून उभा राहतो, पण त्याला वाचा नसते. राजाची तलवार शेवटी तळ्यात टाकतात, कारण केल्ट लोक खरोखरच पाण्याला शस्त्रं अर्पण करायचे. तळ्यांच्या गाळात ती सापडली आहेत. आणि राजाचं लग्न जमिनीशी लागलेलं असतं. राजा जायबंदी झाला की जमीन नापीक होते. मी म्हणायचे, "अगं, न सरणारं भांडं आपल्याकडेही आहे की!" त्यावर ती फटकारायची, "सारखं दिसलं म्हणून लगेच सोयरीक लावू नकोस, सुधा. आधी घराणं बघावं लागतं."

मूळ गोष्टी जुन्या वेल्श भाषेत, म्हणजे केल्टांच्याच एका भाषेत होत्या आणि वेल्श शिकवायला सांगलीत कोण मिळणार? पण मिरजेच्या एका दवाखान्यात वेल्सहून आलेली एक नर्स होती, सिस्टर मेगन. शालननं तिला शोधून काढलं. रविवारी सिस्टर सायकलवरून आमच्याकडे यायची. शालन तिला मराठी शिकवायची आणि ती शालनला वेल्श. वेल्शमध्ये एक 'ल' आहे, जीभ टाळूला लावून दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. शालन पिठलं ढवळता ढवळता तो घोटत बसायची. खालच्या घरमालकीणबाईंना वाटलं, आमच्याकडे मांजर शिरलंय. सिस्टरला आमचा 'ळ' आला, पण 'ण' शेवटपर्यंत आला नाही. ती म्हणायची, "पानी दे, शालन," आणि शालन म्हणायची, "सिस्टर, तू अगदी आमच्या गावची झालीस."

मग ती लढाई झाली. आनंदा पलटणीत नाईक होता, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. आधी 'बेपत्ता' असा निरोप आला. पुढं कैदी परत आले, त्यांतही तो नव्हता. त्याच्या पलटणीतला एक जवान घरी येऊन गेला. त्यानं आनंदाला शेवटचं पाहिलं ते एका ओढ्याच्या काठाशी, अंधार पडताना. त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आबांनी मनाशी ओळखलं. आक्कांनी मात्र ओळखायचं नाकारलं. रात्री दाराकडे तोंड करून निजायच्या, तेही निजल्या तर. कुणी समजवायला गेलं की आबांचीच गोष्ट आबांना ऐकवायच्या. "त्यो राजा मेला न्हाई म्हनून तुमीच सांगत हुता न्हवं? मग माझाच कसा मेला?" आबा एकदा गोठ्याशी उभे राहून शालनला म्हणाले, "मी ती गोष्ट सांगायलाच नको हुती गं." शालन म्हणाली, "गोष्टीनं काय केलंय आबा… आपल्याकडं माती द्यायला कायच न्हाई, म्हनून ती गोष्ट हाय." त्या दिवसांत तिचा पीएच. डी.चा प्रबंध शेवटच्या प्रकरणापाशी येऊन थांबला होता. प्रकरण होतं परत येणाऱ्या राजाचं. ती कागद पुढं घेऊन बसायची आणि उठून जायची.

खरा प्रश्न कुसुमचा होता. कुसुम म्हणजे आनंदाची बायको, मॅट्रिक झालेली, मोजकं बोलणारी. सिस्टर मेगननं सुचवलं की तिला मिरजेला नर्सिंगला घालू. आक्कांनी ऐकून घेतलं नाही. "परक्या मानसांचं हातपाय धुयाला आमची सून? आन् उद्या त्यो आला तर घरात कोन आसंल?" कुसुमचे वडील तिला माहेरी न्यायला बसले होते, आक्का सोडायला तयार नव्हत्या, भावकीतले लोक तिच्या मंगळसूत्राची चर्चा करत होते. जो तो तिच्याबद्दल बोलत होता.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात मी शालनबरोबर उंब्रजला गेले होते. सलग दुष्काळानं आमच्या औंधाकडचा मुलूख, तिकडे कवठे महांकाळ, सगळं होरपळून निघालं होतं. उंब्रजच्या विहिरींचाही तळ दिसत होता. दिवेलागणीला सगळे ओट्यावर बसलो होतो. आबा म्हणाले, "शाले, तुझ्या पुस्तकातलं काय तरी सांग." शालननं जायबंदी राजाची गोष्ट सांगितली, घरच्या बोलीत. राजाच्या मांडीत भाल्याची जखम. ती भरत नाही आणि त्याला मरणही येत नाही. तिकडे रानं वाळलेली, झरे आटलेले. एक तरणा सरदार त्याच्या घरी मुक्कामाला येतो. राजा कण्हतोय हे त्याला दिसतं, डोळ्यांपुढून रक्ताचा भाला जातो, पवित्र प्याला जातो. पण थोरांच्या घरी तोंड उघडायचं नाही असं त्याला शिकवलेलं. तो गप्प जेवतो आणि झोपतो. सकाळी उठतो तर घरात चिटपाखरू नाही.

आक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजी कुनी त्याला इचारलंच न्हाई व्हय, बाबा रं, तुला काय हुतंय म्हनून?"

"न्हाई आई," शालन म्हणाली. "तेवढं इचारलं आसतं तर राजा बरा झाला आसता. रान पिकलं आसतं. तिथंच चुकलं सगळ्यांचं."

आणि ती थांबली. चुलीपाशी कुसुम भाकरी थापत होती. शालन उठून आत गेली, तिच्याजवळ बसली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "वहिनी, आमी सगळी तुझ्याबद्दल बोलतोय. तुला कुनी इचारलंच न्हाई. तुला काय वाटतंय?"

कुसुमनं तव्यावरची भाकरी उलटली. ती भाजून टोपलीत टाकली आणि म्हणाली, "मला वाट बघायची हाय, वन्सं. पर हितं उंबऱ्यावर बसून न्हाई. हाताला काम पायजे. दिस सरत न्हाई माझा."

"आन् त्यो आला तर?" आक्का ओट्यावरून म्हणाल्या.

"तुमी हाईसा की आत्याबाई. मिरज काय लय लांब हाय?" कुसुम म्हणाली. "मी इतकी वाट बघतीया. त्येंनी मला शोधत यावं एकदा."

आबा मोठ्यानं हसले. त्या घरात मी कितीतरी दिवसांनी हसू ऐकलं. आक्का हसल्या नाहीत, पण सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "कवा जायाचं म्हंतीस?" जूनमध्ये कुसुम मिरजेला गेली, मंगळसूत्र गळ्यात ठेवून.

त्यानंतर शालननं शेवटचं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. राजा परत येईल ही समजूत खरोखर केल्ट पुराणांतली, की हरलेल्या लोकांनी पुढं धरलेली आशा? कढईचा, तलवारीचा, जमिनीचा पुरावा तिच्यापाशी होता. याचा पुरेसा नव्हता. ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. त्या राजाचं थडगं कुणाला ठाऊक नाही, एवढाच उल्लेख जुना आहे. बाकीचं लोकांनी केव्हा जोडलं ते सांगता येत नाही. पण का जोडलं, ते मी सांगू शकते." परीक्षकांनी 'का' विचारलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं. पदवी मिळाली. आक्कांनी पेढे वाटले आणि शेजारणीला सांगितलं, "शाली डाक्टर झाली, पर औषिध देत न्हाई."

गेल्या दिवाळीनंतर तिला चार पायऱ्या चढवेनात. मिरजेला भरती केलं तेव्हा शिक्षण पुरं करून कुसुम तिथंच नर्स होती. तिनं आपली ड्यूटी संपली तरी खाट सोडली नाही. मी औंधला जायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले, तर शालन उशांना टेकून बसली होती. कुसुम तिचे सुजलेले पाय चेपत होती. शालन म्हणाली, "बघ, घरातल्या घरात धुतेय हातपाय. आईला सांग, परकं कुणी नाही म्हणावं." तिला धाप लागली. कुसुमनं तिच्या पाठीखाली आणखी एक उशी सरकवली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की आता निघा. मी निघाले.

आता कुसुमला सांगलीतच नोकरी मिळाली आहे आणि ती माझ्याकडे राहायला आली आहे. गेल्या रविवारी आक्का तिला पोचवायला आल्या. सांगलीतलं आमचं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शालनची खोली होती तशीच होती. मी पुस्तकं हलवायला घेतली तर कुसुम म्हणाली, "राहू द्या, सुधाताई. माझं सामान किती असतंय?" तिनं आपला पांढरा गणवेश खुंटीला अडकवला. आक्कांनी पुस्तकांवरून हात फिरवला, वेल्श शब्दकोश उलटा धरून उघडला, मिटला आणि खाटेवर बसल्या. त्या खिडकीतून दुपारी नदीकडचा वारा येतो. "हितं बसायची व्हय?" त्यांनी विचारलं. "इथंच," मी म्हणाले. "जरा पडते मग," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि थोड्या वेळानं घोरायला लागल्या. कुसुमची संध्याकाळची ड्यूटी होती. तिनं चपला हातात घेतल्या, जिन्यापर्यंत अनवाणी गेली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.