बोरगावची आक्का आणि शेवटचा चेकर

हरल्यावर मशीनला लाथ न घालणारं एकच गिऱ्हाईक मी बघितलं. ती बोरगावची आक्का. पन्नाशी ओलांडलेली, काष्ट्याचं लुगडं, बोटांची पेरं तंबाखूनं पिवळी पडलेली.

ऐंशीनंतरची गोष्ट. निपाणी स्टँडजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मशीन दोनच. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मला वाचता येईना. पण मशीनचं मागचं दार उघडून, आतल्या बारक्या पांढऱ्या कळा एकेक करून खालीवर करून, कुठली कळ सरकवली की खेळ सोपा होतो, कुठली सरकवली की अवघड, ते मी माझं मी शोधून काढलं. त्याची घमेंड मला आजही आहे. गिऱ्हाइकांसमोर मात्र स्वतः कधी खेळलो नाही. पोरांदेखत हरायचं कुणी?

आक्का घरी बिड्या वळायची आणि शनिवारी त्या निपाणीत कारखान्यात घालायला यायची. परतीच्या गाडीला वेळ असायचा म्हणून आधी नुसती पंख्याखाली टेकायला आली. तीन-चार शनिवार पोरांचे हात बघत बसली. मग एकदा उठली, पदराला बोटं पुसली आणि म्हणाली, "सर रं बाळा, बघू दे मला." पोरं फिदीफिदी हसली. महिनाभरात त्यांचं हसू बंद झालं.

खेळात एक शिपाई किल्ला चढायचा आणि वर चार हातांचा राक्षस बसलेला असायचा. त्याच्यापर्यंत बरेच जण पोचायचे. पण त्याच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली की तो उसळायचा, आगीचे गोळे फेकायचा आणि शिपाई खलास. किल्ला पुन्हा पायथ्यापासून! पोरं शिव्या हासडायची, मशीनवर बुक्क्या घालायची. आक्का म्हणायची, "त्याला कशाला मारतोस? त्यानं त्याचं काम केलं. तुझा हात चुकला."

राक्षसाला तिनं नाव दिलं होतं, चेकर. कारखान्यात बिड्या तपासणारा चेकर असतो. वाईट वळलेल्या बिड्या तो बाजूला काढतो, त्यांना छाट म्हणतात. "आठवडाभर मान मोडून वळा, आन् शेवटाला ह्यो बसलेलाच," ती म्हणायची. काही बाया त्याची नजर चुकवून छाट परत चांगल्या बिड्यांत सरकवायच्या. आक्कानं ते कधी केलं नाही. खेळायची तेही एकच डाव. हरली की टोपली उचलून गाडीला.

पुढं तिची बोटं आखडायला लागली. छाट वाढली. "हात चालतोय तवर ह्याला एकदा पाडायचा हाय, आप्पा," एवढंच एकदा म्हणाली. मला राहवलं नाही. पुढच्या शनिवारी ती यायच्या आधी मी मशीनचं मागचं दार उघडलं आणि कळ सरकवून राक्षस मऊ करून ठेवला.

त्या दिवशी राक्षस पडला. पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं, एकानं पळत जाऊन भजी आणली. आक्कानं भज्याला हात लावला नाही.

"आप्पा, त्यो तीनदा हात उचलतोय आन् मग उसळतोय. आज उसळलाच न्हाय. तू हात लावलास व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. तोंडावर खोटं.

"ही छाट हाय. मला नगं," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर शनिवारी ती दुकानासमोरनं मान वळवून जायची. मीही हट्टी, हाक मारली नाही. चार शनिवार असेच गेले. पाचव्या शनिवारी मीच स्टँडवर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "आक्का, मीच हात लावलता. आता पहिल्यासारखं केलंय."

तिनं मला खालवर न्याहाळलं. "बोलायला म्हैना लागला व्हय रं तुला?" म्हणाली आणि पुढं चालायला लागली. माझ्याच दुकानाकडं.

पण बोटांना बटण दाबवेना. पायथ्यालाच शिपाई पडला. मग तिनं मला मशीनपुढं उभं केलं. "हात तुझं, डोळं माझं. खेळ." पोरं जमली. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांदेखत खेळलो. ती कानाशी सांगत होती, "थांब... थांब... आता उडी!" चेकरची पट्टी नखाएवढी उरली. त्यानं तीनदा हात उचलला, मी गडबडलो आणि मेलो.

संतापानं माझी मूठ वर गेली. तिनं वाकड्या बोटांनी माझं मनगट धरलं. "लई जवळ गेलतास की रं. पुढल्या शनवारी."

पुढल्या शनिवारी टोपली घेऊन तिची सून आली. आक्का बुधवारी वारली, म्हणाली. पंख्याखाली जरा वेळ बसली आणि उठून गाडीला गेली.

दुकान बंद केलं तेव्हा ते मशीन बेळगावच्या एका हॉटेलवाल्यानं घेतलं. म्हणाला, "शेवटचा राक्षस कुणालाच हटत न्हाय म्हणं. जरा सोपं करून द्या की, आप्पा."

मी न्हाय म्हणालो. मशीनच्या मागच्या दाराची किल्ली मी त्याला दिलीच नाही.