दुसरी बाजू नसलेला विषय

ज्या प्रश्नाला दुसरी बाजूच नाही अशी तुमची खात्री आहे, त्यावर समोरच्याचं म्हणणं तुम्ही शेवटचं कधी ऐकून घेतलंत? मी बारावीला असताना घेतलं नाही. भोगलं माझ्या मैत्रिणीनं.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात मराठीच्या सरांची एक पद्धत होती. गॅदरिंगसाठी दोघींनी मिळून विषय निवडायचा. एकीनं बाजूनं निबंध लिहायचा, दुसरीनं विरोधात, आणि दोन्ही स्टेजवर वाचायचे. माझ्या बाकावरची मुलगी दौंड तालुक्यातली, शिकायला शिरूरला मामांकडे राहिलेली. तिनं विषय ठरवूनच आणला होता: मुलीला बारावीनंतर परगावी शिकायला पाठवावं का?

"मी आबांच्या बाजूनं लिहिते. तू माझ्या बाजूनं लिही," ती म्हणाली.

तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं. तिचे वडील, म्हणजे आबा, अजून हो म्हणत नव्हते आणि नाहीही. ते गावातले तंटे मिटवायचे. त्यांचा दंडक असा, की ज्याचं भांडण त्यानं गप्प बसायचं आणि त्याची बाजू दुसऱ्यानं मांडायची. घरच्यांनाही त्यातून सूट नव्हती.

"मग मामांना सांग मांडायला."

"मामा आबांपुढं मान वर करत न्हाई. तुझं तोंड हाय की दणदणीत. कवातरी कुणाच्या कामाला येऊ दे."

मी हसलेसुद्धा नाही. माझे वडील सणसवाडीच्या कारखान्यात होते. आमच्या घरात पुस्तकं थोडी, पत्रकं फार. गेटवर युनियननं वाटलेली ती पिवळी-गुलाबी पत्रकं जोडाक्षरं लावत वाचूनच मी वाचायला शिकले. पत्रकात एकच बाजू असते.

"मुलीनं शिकावं की नाही, हा वादाचा विषय आहे का?" मी तिला सुनावलं. "त्याला विरोधी बाजू आहे असं मानणं हाच आपला अपमान. मी नाही लिहिणार."

"अगं पुढारीणबाई, आमच्या घरात हाय ना ती बाजू! गावी गेलं की जेवायला बसती माझ्यासंगं."

तरी मी माझाच विषय लावून धरला: सरकारी कारखान्यांचं खासगीकरण करावं का? मी विरोधात लिहिलं, तिनं खासगीकरणाच्या बाजूनं मुकाट्यानं दोन पानं लिहून दिली.

गॅदरिंगला आबा दोन एसट्या बदलून आले. माझा निबंध गाजला, पहिला नंबर मिळाला. खाली उतरून मी त्यांच्या पाया पडले.

"लई जोरात वाचलंस, पोरी. पर हिच्या शिकण्याचं कवा मांडणार? तेवढ्यासाठीच आलो हुतो."

"विषय बदलला, आबा," मैत्रीण खाली बघत म्हणाली.

"व्हय का?" ते म्हणाले, आणि परतीच्या एसटीची वेळ विचारू लागले.

तिथं उभ्या उभ्या मी तिची बाजू मांडू शकले असते. ते ऐकायलाच आले होते. पण मला फोटोसाठी बोलावलं आणि मी गेले.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी लग्नाला गेले नाही, तत्त्व म्हणून. आज ते तत्त्व आठवलं तरी लाज वाटते.

दोन वर्षांनी ती दौंड स्टेशनवर भेटली, कडेवर मुलगी. मी विचारलं, "आबांच्या बाजूनं तू काय लिहिणार होतीस गं?"

"लई काय न्हाई. पुण्यात आजारी पडलीस तर उशाशी बसायला कोण हाय, एवढंच म्हणायचे ते. त्याचंच उत्तर मिळंना."

माझी सख्खी मावशी पुण्यात राहते. दोन खोल्या आहेत तिच्या, आणि माणसं तिला कधी जड झाली नाहीत. हे मी आबांना एका वाक्यात सांगू शकले असते. पण त्यांचं म्हणणं काय आहे, हेच मी कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल, तर या रविवारी तिच्या घरी जा. तिच्या वडिलांना आधी पोटभर बोलू द्या. मध्ये तोंड घालू नका. मग तिची बाजू मांडा.