धक्काकाकूंची काठी

गाडीखाली शिरताना तुम्ही भरवसा कोणावर ठेवता? जॅकवर? मग या, माझ्या शेजारी बसा. मीही त्याच शाळेतला.

सकाळचे आठ वाजलेले. दहाला आमचा पाण्यासाठीचा मोर्चा. भोंगा बसवलेली आमची जुनी व्हॅन गल्लीच्या उतारावर उभी आणि सायलेन्सर रस्त्याला टेकलेला. गाडीसोबतच्या जॅकने मी तिचं मागचं अंग उचललं, खाली दोन पोकळ सिमेंटचे ब्लॉक सरकवले आणि पाठीवर पडून आत शिरणार, तोच पायाला काठी टोचली.

"ऊठ रे पुढाऱ्या. माप घ्यायचंय."

"कसलं माप, काकू?"

"तसबिरीचं."

या धक्काकाकू. बावीस वर्षं बस डेपोच्या हत्यारखोलीत होत्या. निरोपाला साहेब घड्याळ देत होते, तर म्हणाल्या, गाडीखाली लावायचे दोन लोखंडी स्टँड द्या. तेव्हापासून गल्लीत कुठे गाडी उचलली की स्टँड ढकलगाडीत आणि कपडे वाळत घालायची काठी हातात घेऊन काकू हजर. काका अजून कुरकुरतात, "घड्याळ घेतलं असतंस, तर जेवायची वेळ तरी कळली असती."

माझं डोकं फिरलं. "काकू, दहाला मोर्चा आहे."

"लोक येतील की. तुझ्या मागून चालतील, खांदे बदलत."

मग मला लांब उभं करून, स्वतःही लांब राहून, त्यांनी काठीने व्हॅनच्या कुशीत ढोसलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जॅक कलंडला, ब्लॉकचा भुगा झाला आणि व्हॅन धाडकन खाली बसली. दणक्याने भोंग्याचं ढिलं बटण लागलं आणि माझाच रेकॉर्ड केलेला आवाज गल्लीभर गरजला, "आम्ही एक पाऊलही मागे हटणार नाही."

मी तेव्हा सात पावलं मागे होतो. ढकलगाडीपाशी उभ्या काकांनी मोजली.

आधी मला हसू आवरेना, मग खाली बघितलं. जिथे ब्लॉकचा भुगा पडला होता, तिथे माझी छाती असणार होती.

पुढचं सगळं काकूंच्या हुकमाने. व्हॅन ढकलत सपाट सिमेंटवर नेली. गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. मी म्हणालो, झालं.

"हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. ती हवेत गेल्यावर काय तुझ्या भाषणाला धरणार?"

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी जॅक लावला, मग गाडीच्या तळाच्या दणकट पट्टीखाली दोन्ही स्टँड ठेवून सगळं वजन त्यांच्यावर उतरवलं. काकूंनी किल्ली काढून माझ्या खिशात टाकली.

"डेपोत खाली जाणाऱ्याच्याच खिशात असते. वरच्यांना फार घाई असते."

पुन्हा तीन ढोसण्या. व्हॅन ढिम्म.

"आता जा," काकू म्हणाल्या.

वीस मिनिटांत सायलेन्सर बांधला. मोर्चा वेळेवर निघाला, मी स्वतःच्या पायांनी चालत होतो. काका मागून ओरडत होते, "पाऊल मागे घेऊ नकोस रे."

तुमच्या गल्लीत काकू नसतील, पण काठी असेल. गाडी नीट स्टँडवर बसवा, खाली शिरण्याआधी बाहेरून एकदा ढोसून बघा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. एवढं माझं ऐकाच.