अठ्ठ्याहत्तर फेरे

आमच्या ध्वनिसंग्रहालयात त्यांना सगळे सुईवाले म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. जुन्या तबकड्या फिरवायच्या आणि त्यांतला आवाज आधी फितीवर, पुढे पुढे संगणकावर उतरवायचा, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं केलं. शेजारच्या टेबलावर मी, सूचीकार. ते जे ऐकत ते मी कार्डावर नोंदवत असे, म्हणजे मलाही ते ऐकावंच लागे. माझे कान पार किटले होते. घरी गेल्यावर नळाचा आवाजसुद्धा नकोसा व्हायचा.

सुईवाल्यांना तुलनेचं व्यसन होतं. व्हायोलिनच्या एकाच रचनेची सात ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावत आणि मला विचारत, "आता सांगा, यात खोटं कोण बोलतंय?"

"तुम्ही," मी म्हणायची. "एकच लावतो म्हणालात, हे सातवं चाललंय."

त्यांचं म्हणणं असं, की मधल्या काळातल्या वादकांनी प्रत्येक स्वर थरथरवून, ताणून, पाकात बुडवून ठेवला. रचना लिहिली गेली तेव्हा तसं कुणी वाजवत नव्हतं. स्टीलच्या तारा नव्हत्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या ताती होत्या. गज हलका होता. मग वाजवणंही तसंच हवं, जुन्या चालीचं. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक तबकडी होती. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, मोठ्या सभागृहातल्या ऑर्गनच्या साथीनं, एका सत्तरीच्या व्हायोलिनवादकानं वाजवलेली. जुन्या चालीत शिकलेला तो बहुधा शेवटचाच. सुईवाल्यांनी ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी उतरवली आणि सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं, 'त्या काळी वाद्यं चढ्या पट्टीत लावत आणि लय चपळ ठेवत.' ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

ते वाक्य पुढे काळ्या दगडावरची रेघ झालं. जुन्या चालीनं वाजवणारी तरुण मंडळी सगळं धडाधड वाजवू लागली, आणि त्यांत सगळ्यांच्या पुढे सुईवाल्यांची मुलगी.

ती आमच्या खोलीतच वाढली म्हणायला हरकत नाही. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट इकडे यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून हेडफोनवर ती तबकडी ऐकायची. मला मावशी म्हणायची. आता पस्तिशीची झाली होती, स्वतःचा पाच जणांचा संच होता. तातीच्या तारा त्या चढ्या पट्टीला लावल्या की तुटायच्या, आठवड्याला एक तरी जायचीच. तार बदलता येते. उजवा खांदा कुठून बदलणार? डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की विश्रांती घेतली नाही तर गज धरायचं विसरा.

मी तिला रागावले होते. ती म्हणाली, "मावशी, तो म्हातारा सत्तराव्या वर्षी या लयीत वाजवत होता. मला पस्तिसाव्या वर्षी झेपत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे ना?"

मग एका सकाळी ऑर्गन दुरुस्त करणारा कारागीर आमच्याकडे आला. त्या सभागृहातला ऑर्गन स्वच्छ करायचं काम त्याला मिळालं होतं. हात लावण्याआधी, शंभर वर्षांपूर्वी तो कसा वाजायचा ते त्याला ऐकायचं होतं. सुईवाल्यांनी कौतुकानं तबकडी लावून दिली. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हा आमचा ऑर्गन नाही."

"तोच आहे. लेबलवर छापलंय."

"मग तुमची तबकडी जोरात फिरतेय. त्या नळ्यांचा सूर आजवर कुणी कानस लावून बदललेला नाही, मी आतून बघितल्यात. आमचा ऑर्गन याच्यापेक्षा जवळजवळ एक सूर खाली बोलतो."

जुन्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या वेगानं तबकडी कोरायचा, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. आधी वेग पारखायचा, मग उतरवायचं. सुईवाल्यांनी हजारो तबकड्यांचा पारखला. याच एकीवर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे असं छापलेलं दिसलं, आवाज कानाला गोड लागला, आणि त्यांनी मान डोलावली. आता त्यांनी यंत्राचा वेग हळूहळू उतरवला. एकाहत्तरवर आल्यावर कारागीर म्हणाला, "हां, हा आमचा." त्या वेगावर व्हायोलिनवालाही बदलला. चपळबिपळ काही नाही. एक म्हातारा माणूस सावकाश, दम खात वाजवत होता.

कारागीर गेल्यावर सुईवाल्यांनी टोपी काढून हातात धरली. "मला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं मी," म्हणाले. "आजच जाऊन सांगतो तिला."

तिचा मोठा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. वर्षभर तयारी चालली होती. मी म्हटलं, "आता नका सांगू. कार्यक्रम होऊ द्या. ऐन वेळी पोरीचा हुरूप का घालवता?" मला वाटलं, मी शहाणपणाचं बोलतेय. संगीत सोडून बाकी सगळ्या बाबतींत ते माझं ऐकत. हेही ऐकलं. ते तीन आठवडे त्यांनी एकही तबकडी लावली नाही. खोलीत इतकी शांतता मी चौतीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि ती मला मुळीच मानवली नाही.

कार्यक्रम झाला. टाळ्या थांबेनात. ती वाकून नमस्कार करून आत आली आणि कोट घालायला गेली, तर उजवा हात वर जाईना.

चौथ्या दिवशी ती हात झोळीत अडकवून आमच्या खोलीत आली. सुईवाल्यांनी तिला बसवलं आणि तबकडी आधी अठ्ठ्याहत्तरवर आणि मग एकाहत्तरवर लावली. मग कारागिराची गोष्ट सांगितली. तिनं एकाहत्तरवर पुन्हा एकदा लावायला सांगितली.

"घाईत नाहीच आहे हा माणूस," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"महिना होत आला."

तिनं मनाशी दिवस मोजले. तोंडावर ते स्पष्ट दिसलं. "अठ्ठावीस वर्षांपूर्वीची चूक मी समजू शकते. माणूस आहे, चुकतो. पण महिन्यापूर्वी माझा खांदा नुसता दुखत होता, बाबा. हात वर जात होता. मी रोज सहा तास वाजवत होते, आणि तुम्ही दारात उभं राहून ऐकत होतात. का नाही सांगितलंत?"

सुईवाल्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझा धीर झाला नाही," म्हणाले.

माझ्या समोर कार्ड होतं, हातात पेन होतं. 'मी अडवलं त्यांना,' एवढे तीन शब्द होते. तोंडापर्यंत आले. ते मी बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. मी कार्डावर तारीख घातली.

ती उठली. बापाकडे न बघता माझ्या टेबलापाशी आली आणि पाठमोरी उभी राहिली.

"मावशी, मानेमागची गाठ सैल झालीय. बांधून देतेस?"

मी बांधून दिली. ती "थँक्यू" म्हणाली आणि गेली.